तिसवाडीचं बेट आणि सहासष्ट नंबर

पत्रादेवीला महाराष्ट्र संपतो, पोळ्याला कर्नाटक सुरू होतो. या दोन नाक्यांमधला, राष्ट्रीय महामार्ग ६६ चा, गोव्याचा रस्ता कागदावर तीनेक तासांचा. त्यातला कुठला भाग वेळ खाणार हे रोज गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. तो काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट सांगणार नाही. तो पणजीजवळच्या पर्वरीची उतरण सांगेल, मांडवीचा पूल सांगेल, फार तर पुलापलीकडची मेरशी सांगेल. घाटात वळणं असतात, पण ती माणसाला अर्धा तास एका जागी उभं करत नाहीत.

नकाशा नीट पाहिला की कारण दिसतं, आणि ते कुठल्याही रस्त्याच्या आधीचं आहे. ज्या तिसवाडी तालुक्यात पणजी आहे, त्याचा मुख्य भूभाग हे बेट आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्या जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. बेट म्हटलं की गोव्यातल्या माणसाला दिवाडी नाहीतर चोडण आठवतं, कारण तिथे जायला फेरीबोट लागते. पणजीला जाताना आपण बेटावर चाललोय असं कुणाच्या मनातही येत नाही. पण पाणी ओलांडल्याशिवाय राजधानीत चाक शिरत नाही. म्हापशाहून आलात तर मांडवी, मडगावहून आलात तर झुआरी, फोंड्याहून आलात तर बाणस्तारीचा पूल. महामार्ग या बेटावर एका पुलाने चढतो आणि दुसऱ्याने उतरतो. मधे उरतात पंधरा किलोमीटरच्या आसपास.

पनवेल ते कन्याकुमारी अशी देशाची अख्खी पश्चिम किनारपट्टी जोडणारा रस्ता आणि २०११ च्या जनगणनेत जेमतेम चाळीस हजार वस्तीचं शहर, या दोघांची नदी ओलांडायची जागा एकच आहे. पणजीच्या वाहतुकीबद्दल जे काही बोलायचं ते इथून सुरू होतं.

जुनी माणसं अजून 'एनएच सतरा' म्हणतात, आणि फोंड्याकडच्या रस्त्याला 'फोर-ए'. पाट्यांवर मात्र ६६ आणि ७४८ असतं. २०१० मध्ये देशभरातले क्रमांक बदलले. नवी पद्धत एकदा कळली की विसरत नाही. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत येतात, म्हणून अरबी समुद्राच्या कडेला ६६. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. तीन आकडी नंबर म्हणजे फाटा, त्यातले शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. ७४८ हा ४८ चा फाटा: बेळगावहून निघून अनमोड घाट उतरतो, मोले, फोंडा, जुने गोवे करत पणजीशी येऊन ६६ ला मिळतो. गोव्याच्या ताटातली बरीचशी भाजी बेळगावहून येते, हेही इथेच सांगून ठेवलेलं बरं. या रस्त्याला कणकण आली की बाजारात टोमॅटोला ताप चढतो.

आता पर्वरी, कारण खरी अडचण नदीच्या अलीकडेच सुरू होते. पर्वरी हे पठार आहे, जांभ्याचं. म्हापशाहून येणारा रस्ता गिरीच्या सखल शेतांतून वर चढतो, पठारावरून सरळ जातो आणि मग एकदम नदीकडे उतरतो. राजधानी पणजी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण विधानसभा आणि सचिवालय २००० सालापासून या पठारावर आहेत. उच्च न्यायालयाची नवी इमारतही इकडेच आली. म्हणजे राजधानीचं अर्धं काम नदीच्या एका तीरावर, अर्धं दुसऱ्या तीरावर, आणि दोन्हींना जोडणारा शहरातला रस्ता म्हणून जो वापरला जातो तो राष्ट्रीय महामार्ग. बार्देशातले कर्मचारी सकाळी पणजीकडे येतात, पणजी-ताळगावातले पर्वरीकडे जातात. इतर शहरांत सकाळी एक बाजू भरलेली आणि दुसरी मोकळी असते. इथे दोन्ही भरलेल्या. एखादी लेन उलट्या दिशेला देऊन निभावून न्यावं, ही साधी युक्तीसुद्धा त्यामुळे लागू पडत नाही.

त्यात पर्वरीच्या पठारावरचे चौक. त्यातला ओ कोकेरोचा चौक बाहेरच्यांनाही नावाने ठाऊक असतो, कारण एप्रिल १९८६ मध्ये तिथल्याच हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी कुख्यात खुनी चार्ल्स शोभराजला पकडलं. त्याच वर्षी, तीन महिन्यांनी, खाली नदीवर जे झालं त्याची आठवण मात्र बाहेरच्यांना नसते.

मांडवीवरचा पहिला पूल १९७० च्या सुमारास बांधला गेला. त्याआधी पणजी आणि बेती यांच्यामध्ये फेरीबोट होती. ५ जुलै १९८६ ला, ऐन पावसात, पूल कोसळला. माणसं गेली. पूल म्हातारा झाला होता म्हणावं तर वय सोळा-सतरा वर्षं. दोष निघाला आतल्या केबलींच्या गंजण्याचा, आणि तो समजून घेण्यासारखा आहे, कारण किनाऱ्यावरच्या प्रत्येक पुलाला तो लागू होतो.

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या पुलात तुळईच्या पोटातून नळ्या घातलेल्या असतात. नळ्यांतून पोलादी तारांच्या केबली ओवतात, जॅकने प्रचंड ताणतात, दोन्ही टोकांना पाचरी मारून अडकवतात आणि मग नळीत सिमेंटचं पातळ ग्राउट दाबाने भरतात. ग्राउटचं काम दुहेरी. ते तारेला काँक्रीटशी बांधतं आणि हवा-पाण्यापासून झाकतं. नळीच्या उंच भागात हवेचा फुगा अडकला, किंवा ग्राउट पातळ झालं आणि सिमेंट खाली बसून वर नुसतं पाणी उरलं, तर तेवढी तार उघडी राहते. मांडवीच्या मुखाशी हवेतच मीठ आहे. साध्या सळीला गंज चढला तर ती फुगते, काँक्रीटला भेग पाडते, तांबूस ओघळ दिसतो, कुणीतरी पाहून हाकाटी करतं. ताणलेली तार असं काही सांगत नाही. ती आतल्या आत बारीक होते आणि एक दिवस तुटते. तिच्या वाट्याचा भार शेजारणीवर जातो, मग ती. म्हणून अशा पुलाची तपासणी नुसत्या नजरेने होत नाही. कुठे पाणी मुरतं, जोडांतून गळतं का, तुळई मधे किती खाली आलीय, हे मोजत राहावं लागतं, आणि मापांची वही वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. पूल बांधणं जमतं. वही सांभाळणं कठीण.

पूल पडल्यावर पणजी पुन्हा बेट झाली. लोक बेतीला उतरून नदी ओलांडायचे. नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला, पुढे त्याला समांतर दुसराही आला, आणि आज हे दोन पूल एकेरी चालतात: एक पणजीत आणतो, एक बाहेर नेतो. झुआरीवरही असाच इतिहास, फक्त कोसळणं टळलेलं. १९८३ चा पूल अवजड वाहनांना पेलवेना, म्हणून कित्येक वर्षं ट्रकांना बोरीच्या पुलावरून वळसा घालावा लागला. आगशी आणि कुठ्ठाळीच्या मधला नवा आठ लेनचा पूल दोन हप्त्यांत उघडला, अर्धा डिसेंबर २०२२ मध्ये, अर्धा डिसेंबर २०२३ मध्ये.

आणि मग मांडवीवरचा तिसरा पूल, अटल सेतू. उद्घाटन २७ जानेवारी २०१९. लांबी जोडरस्ते धरून पाच किलोमीटरहून थोडी जास्त. जुन्या दोन पुलांच्या मधल्या फटीतून तो उभा केला आहे, म्हणून पणजीच्या काठावरून पाहिलं की तिन्ही एकात एक अडकल्यासारखे दिसतात. केबली मधोमध एकाच ओळीत आहेत, पंख्यासारख्या. जागाच तेवढी होती. पण या पुलाचा मुख्य गुण त्याच्या केबलींत नाही, त्याच्या दक्षिणेकडच्या टोकात आहे. तो पणजीत उतरतच नाही. शहराच्या डोक्यावरून जातो आणि एक हात मेरशी-बांबोळीकडे, दुसरा जुने गोवे-फोंड्याकडे टाकतो. ज्याला पणजीत काम नाही त्याने पणजीच्या सर्कलात यायचंच नाही, एवढी साधी कल्पना, आणि ती अंमलात यायला २०१९ उजाडलं.

सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांना याचं मोल वेगळं आहे. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण बहुतेक वेळा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात येतो, साठेक किलोमीटर. पूर्वी रुग्णवाहिकेला शेवटचे पाच-सहा किलोमीटर पणजीच्या गर्दीतून काढावे लागत. आता पर्वरीतून मधल्या लेनला लागलं की सरळ अटल सेतू, मेरशीला खाली, आणि बांबोळीचा चढ. पर्वरी पार झाली तर.

पर्वरी पार झाली तर, हेच खरं दुखणं. पूल रुंद केला की पुलावरची रांग संपते; ती रांग पुलाच्या आधीच्या सगळ्यात अरुंद जागी जाऊन उभी राहते. एका दिशेला जुन्या पुलाच्या दोन लेन होत्या, त्यांत अटल सेतूच्या दोन मिळाल्या. पण पर्वरीच्या चौकांतून एका वेळी जेवढी वाहनं सुटत होती तेवढीच सुटत राहिली. सिग्नल हिरवा झाला म्हणून पन्नासावी गाडी लगेच हलत नाही. प्रत्येक गाडी पुढचीपेक्षा सेकंद-दीड सेकंद उशिरा निघते, म्हणजे पन्नासाव्या गाडीपर्यंत हिरवा दिवा पोचायला मिनिटभर लागतं, आणि तोवर तो लाल झालेला असतो. गाठ दोरीवर पुढे-मागे सरकते. पणजीच्या सर्कलातून ती पर्वरीत आली. आता पर्वरीवर सुमारे पाच किलोमीटरचा सहा लेनचा उन्नत मार्ग होतोय, २०२४ पासून काम चालू आहे, आणि तो झाला की गाठ कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. वरून सुटलेला लोंढा जिथे खाली उतरतो त्या तोंडाशी: एकीकडे पुलाच्या चढावर, दुसरीकडे गिरीत.

उन्नत मार्ग नको, असं म्हणायचं नाही. लांबच्या गाड्या वरून आणि पर्वरीकर खालून, ही वाटणी बरोबर आहे. पण अशा कामाचा हिशेब करताना दोन गोष्टी कायम कमी धरल्या जातात. एक, बांधकामाची वर्षं. खांब डिव्हायडरच्या जागी येतात, पण पाइलचं यंत्र, सळ्यांचे पिंजरे, क्रेन यांना दोन्ही बाजूंची एकेक लेन लागते, आणि अडचण तात्पुरती म्हटली तरी माणसाच्या आयुष्यातली ती दोन-तीन वर्षं असतात. दुसरी, रस्त्याच्या कडेला जे आधीपासून आहे ते. पर्वरीत देव खाप्रेश्वराचा वड होता. मार्च २०२५ मध्ये तो हलवला गेला तेव्हा लोक रस्त्यावर आले. राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाची, जागा ही गोव्यात नुसती झाडाची जागा नसते. आणि नुसतं झाड म्हटलं तरी, मोठा वड हलवायचा तर आधी एका बाजूची मुळं छाटायची, काही महिने थांबायचं, नवी बारीक मुळं फुटली की दुसरी बाजू, मग पावसाच्या तोंडावर उचलायचं. कामाचं वेळापत्रक झाडाच्या वेळापत्रकाला विचारत नाही.

खाली उतरू या. जुन्या पुलाने पणजीत उतरलं की दिवजा सर्कल. जत्रेत बायका डोक्यावर पेटती दिवजं घेऊन देवळाला फेरी घालतात, त्या दिवजाचं हे भलंमोठं रूप मधोमध उभं आहे. त्याच्याभोवती जे चालतं त्यात मात्र उत्सवाची शिस्त नाही. पुलावरून उतरणारे, पुलावर चढणारे, दयानंद बांदोडकर मार्गाने कॅसिनो आणि मिरामारकडे जाणारे, पाटो आणि कदंब बसस्थानकाकडचे, आणि जवळच रायबंदरचा रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत रोटरीची, म्हणजे सर्कलची, मर्यादा दिलेली आहे: सगळ्या वाटांनी मिळून तासाला सुमारे ३००० वाहनं. त्यापुढे रोटरी स्वतःलाच अडवते. कारण सर्कलमध्ये वाहनं एकमेकांना कापत नाहीत, एकमेकांत विणली जातात: आत आलेली गाडी उजवीकडे सरकू पाहते, बाहेर जाणारी तिच्या पुढून डावीकडे. या विणीला लांबी लागते. ती तीस-चाळीस मीटरच मिळाली की दोघी थांबतात, आणि सर्कलमध्ये थांबलेली गाडी मागच्या दोन वाटा बंद करते. नियम सोपा आहे, उजवीकडून येणाऱ्याला म्हणजे आधीच सर्कलमध्ये असलेल्याला वाट द्यायची. पाळला तर बंद पडलेला सिग्नलसुद्धा परवडतो.

पण विण बिघडते ती बहुतेक वेळा मोटारीने नाही. सर्कल सोडताच दहा-वीस मीटरवर खासगी बस थांबते, कंडक्टर "म्हापशें, म्हापशें" करत दारात लोंबकळतो, पाच उतारू चढतात. वीस सेकंद. हिशेबात बस तीन मोटारींएवढी धरतात आणि दुचाकी अर्ध्या मोटारीएवढी. थांबलेली बस मात्र अख्ख्या लेनएवढी असते. सर्कलपासून बसथांबा शंभर मीटर लांब नेणं आणि तो खरोखर तिथेच ठेवणं, याला फ्लायओव्हरच्या खर्चाचा हजारावा हिस्साही लागत नाही. म्हणूनच बहुधा त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

अटल सेतू सगळ्यांचा नाही, हेही सांगायला हवं. दुचाकी आणि तीनचाकींना त्यावर बंदी. उंचावरचा आडवा वारा आणि वेगातला फरक पाहता कारण समजतं, पण ज्या राज्यात बहुसंख्य वाहनं दुचाकी आहेत, जिथे पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरचा पायलट हा अधिकृत भाड्याचा वाहनचालक आहे, तिथे शहर टाळण्याची सोय चारचाकींपुरती झाली. पेडण्याहून वेर्ण्याच्या कारखान्यात स्कूटरने जाणाऱ्याला आजही दिवजा सर्कलची प्रदक्षिणा चुकत नाही.

आता व्यवहाराचं. उत्तरेकडून मडगाव, विमानतळ दाबोळी किंवा फोंडा गाठायचा असेल तर पर्वरीची उतरण लागायच्या आधीच मधल्या लेनला असावं. कडेच्या लेन जुन्या पुलाला जातात आणि उतरणीवर लेन बदलणं म्हणजे ब्रेकवर पाय ठेवलेल्या ट्रकांच्या रांगेत नाक घालणं. काम चालू असेपर्यंत वळणं बदलत राहतात, तेव्हा महिन्याभरापूर्वीच्या आठवणीवर नाही, समोरच्या पाटीवर चालायचं. मडगावहून म्हापशाला जाताना बांबोळीचा उतार संपून मेरशी येते. वर चढणारा रॅम्प चुकला की खालचा रस्ता थेट कदंब स्थानकाच्या गर्दीत आणतो आणि परत फिरायला जागा नाही. पणजीतच काम असेल तर उलट: अटल सेतूवर चढलात तर शहर पायाखालून निघून जातं आणि मेरशीहून वळून यावं लागतं. दुचाकीवाल्याला पुलावर रांग दिसली तर बेतीला उतरून फेरीबोटीने थेट पणजीच्या धक्क्यावर येता येतं. हा मार्ग लोक विसरलेत म्हणून तो अजून कामाचा आहे. फोंड्याकडून डिचोली-म्हापशाला जायचं तर पणजीच्या वाऱ्याला उभं राहू नये. आमोणे-खांडोळ्याचा पूल त्यासाठीच. पण पणजी आणि आमोणे यांच्या मधल्या मांडवीवर पूलच नाही, चोडण-दिवाडीला फेरीच. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ मध्ये रो-रो, म्हणजे वाहनं थेट चढून थेट उतरतात अशा, बोटी आल्या, एवढा बदल.

मेरशीपासून जुन्या गोव्याकडचा बायपास गाडीत बसून सरळसोट वाटतो. त्याच्या खाली काय आहे ते पाहिलं की त्याची दुखणी कळतात. ही खाजन जमीन. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी खाडीकाठी बांध घालून, मानशी बसवून भरतीच्या पाण्यातून सोडवलेली. मानस म्हणजे बांधातली लाकडी दारं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. खाली चिखलाचा मऊ थर. अशा जमिनीवर मातीचा भराव टाकला की थरातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि भराव वर्षानुवर्षं खचत राहतो. पूल मात्र पाइलवर, कठीण थरापर्यंत पोचलेला; तो हलत नाही. म्हणून मोरी किंवा पूल आला की गाडीला आधी धक्का बसतो. डांबर घालून तो धक्का पुसतात, दोन पावसाळ्यांत पुन्हा येतो. बरोबर पद्धत अशी: भराव टाकण्याआधी चिखलात उभ्या निचरा-पट्ट्या घालायच्या, लागतो त्यापेक्षा उंच भराव रचून काही महिने वजन ठेवायचं, खचणं मोजायचं, थांबलं की वरचा भाग काढून रस्ता करायचा. 'काही महिने थांबायचं' हे वाक्य निविदेत बसत नाही.

आणि भराव म्हणजे बांधच. त्याने पाण्याच्या वाटा अडतात. पणजी ते रायबंदर हा जुना रस्ता १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द लिन्यारीसच्या काळात बांधला, तीनेक किलोमीटरचा, खाजनातून आणि मिठागरांजवळून जाणारा. तेव्हा राजधानी जुन्या गोव्यात होती, पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा १८४३ चा. त्या बांधणाऱ्यांनी जांभ्यात कमानी सोडल्या आणि भरतीला आत-बाहेर करायला वाट ठेवली. रस्ता आजही वापरात आहे. बायपासला मोऱ्या आहेतच, पण मोरीत गाळ बसतो आणि तिचं तोंड कुणाच्या हद्दीत येतं यावर एका खात्याचं दुसऱ्याकडे बोट असतं.

डांबराचंही असंच. गोव्यात 'हॉटमिक्सिंग झालं का' हा प्रश्न चतुर्थीच्या आधी प्रत्येक घरात विचारला जातो. हॉटमिक्स, म्हणजे डांबर-खडीचं गरम मिश्रण, साधारण दीडशे-एकशेसाठ अंशांवर मिसळून निघतं आणि ते शंभरच्या खाली जायच्या आत रोलर फिरून संपला पाहिजे. नाहीतर खडी एकमेकीत बसत नाही, पोकळ्या राहतात, पोकळीत पावसाचं पाणी शिरतं, वरून चाक गेलं की दाबाने डांबर खडीपासून सुटतं. खड्डा पडतो तो असा. नुसत्या पावसाने नाही. आता गंमत पाहा. मिश्रणाचा ट्रक पर्वरीच्या कोंडीत तासभर अडकला की मिश्रण थंड होतं, म्हणजे कोंडीच्या जागचं डांबर कोंडीमुळेच कच्चं राहतं आणि पुढच्या वर्षी तिथेच खड्डा पडून पुन्हा कोंडी. यावर उपाय रात्रीचं काम आणि ट्रकावर ताडपत्री. अटल सेतूवरचा पृष्ठभागही खडबडीत निघाला आणि २०२३ च्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी पूल काही दिवस बंद ठेवावा लागला; त्या दिवसांत पणजीने २०१९ पूर्वीचे दिवस पुन्हा अनुभवले.

पठारांची तऱ्हा वेगळी. जांभा वरून दगडासारखा, पण खाली पांढरट-पिवळी माती असते, भिजली की लोण्यासारखी. रस्त्यासाठी डोंगर उभा कापला की वरची टोपी जागेवर राहते आणि पायथा सरकतो. २०२४ च्या पावसाळ्यात पेडण्यात मालपे इथे याच महामार्गाची संरक्षक भिंत कोसळली. भिंत कितीही जाड असो, मागचं पाणी बाहेर पडायला भोकं आणि त्यामागे खडीचा थर नसेल तर ती मातीचं नाही, पाण्याचं ओझं पेलत उभी असते.

पावसाळ्यात पणजीत गाडी घेऊन येणाऱ्याने हवामानाबरोबर भरतीचं कोष्टकही पाहावं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. काल दहाला असेल तर आज अकराला दहा कमी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ती मोठी असते. तीन तास धो-धो पाऊस आणि नेमकी तेव्हाच भरती, असा योग आला की पणजीच्या मळा भागातून ओवरेच्या खाडीकडे जाणाऱ्या पाण्याला जायला जागाच नसते, दारं मिटलेली असतात आणि पंप लावले तरी ते पाणी फिरून येतं. पाटोच्या सखल भागात, अठरा जून रस्त्यावर घोटाभर पाणी चढतं. अशा वेळी मोटार पाण्यात घालून सायलेन्सर बुडवण्यापेक्षा बांबोळीच्या किंवा पर्वरीच्या चढावरच थांबलेलं बरं. ओहोटी लागली की मळ्यातलं पाणी हलायला लागतं, आधी कडेचा पालापाचोळा सरकतो, मग रस्त्याच्या मधली पांढरी रेघ दिसते.